बाळाच्या ठोक्यांवर संगणकाची देखरेख: कोल्हापुरातील एका प्रसूतिगृहातील सेवेविषयी

पहिले बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे माझी मुलगी सातव्या महिन्यात पुण्याहून कोल्हापूरला आली आणि शहरातील एका खासगी प्रसूतिगृहात आम्ही तिचे नाव घातले. कळा सुरू झाल्यापासून बाळाचे ठोके संगणकाशी जोडलेल्या यंत्रावर सतत पाहिले जातात आणि काही बिघडू लागल्यास संगणकच आधी सूचना देतो, असे तेथे मोठ्या कौतुकाने सांगण्यात आले. या सेवेचे वेगळे १,८०० रुपये बिलात लागले. ते कितपत सार्थकी लागले, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

आपल्याकडे सरसकट ‘एनएसटी लावली’ असे म्हणतात. या तपासणीचे वैद्यकीय नाव कार्डिओटोकोग्राफी. पोटावर दोन पट्टे बांधतात. एका पट्ट्याखालची जेली लावलेली चकती अल्ट्रासाऊंडने बाळाचे ठोके टिपते, तर दुसरी कळेबरोबर घट्ट होणारे पोट टिपते, आणि कागदाची पट्टी मिनिटाला एक सेंटिमीटर या वेगाने बाहेर येत राहते. मिनिटाला ११० ते १६० ठोके सर्वसाधारण मानले जातात, पण डॉक्टर आकड्याइतकेच रेषेच्या बारीक चढउतारांकडे पाहतात, कारण दीर्घकाळ सपाट राहिलेली रेषही विचार करायला लावते. संगणक हेच सारे वाचून पडद्यावर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवतो. कळा दाखवणाऱ्या खालच्या रेषेचा आकडा पाहून ‘आता कळ ऐंशीवर गेली’ असे नातेवाईक एकमेकांना सांगतात (आम्हीही सांगितले), परंतु पोटावरच्या चकतीवरून कळेचा खरा जोर कळत नाही. ती किती वेळाने आली आणि किती टिकली, एवढेच कळते.

पाच तासांत लाल रंग तीनदा आला. पहिल्यांदा मुलगी उताणी झोपली होती. सिस्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवताच रेषा सावरली, कारण उताणे झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडून बाळाकडे जाणारे रक्त कमी होऊ शकते. दुसऱ्यांदा ठोके एकदम ९५ वर आले आणि माझे हातपाय गार पडले. सिस्टरांनी मात्र शांतपणे मुलीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. तिची नाडीही ९५ होती. चकती सरकल्यामुळे यंत्र आईचीच नाडी पकडत होते आणि संगणक ती बाळाची समजून इमानेइतबारे वाचत होता. चकती जागेवर बसवल्यावर १४० चे ठोके परत ऐकू आले.

तिसऱ्या वेळी मात्र सिस्टर दुसऱ्या खोलीत होत्या. आयाबाईंनी बटण दाबून आवाज तेवढा बंद केला आणि मलाच बाहेर जाऊन हाका मारून त्यांना आणावे लागले. त्यात चार मिनिटे गेली. डॉक्टरांनी येऊन तपासले, गर्भजल स्वच्छ असल्याची खात्री केली आणि कळांसाठी सलाइनमधून चालू असलेले औषध कमी केले. पुढे प्रसूती नैसर्गिक झाली. नातीचे वजन २.९ किलो भरले. तरीही ती चार मिनिटे मी विसरलेले नाही. सूचना देणाऱ्या यंत्राचे पैसे घेतले, तर ती ऐकणारे माणूस तेथे असणे हा त्याच सेवेचा भाग आहे.

घरी आल्यावर मी या विषयावर वाचले, कारण जीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आहे. ब्रिटन व आयर्लंडमधील २४ प्रसूतिकेंद्रांत २०१० ते २०१३ या काळात ४६ हजारांहून अधिक स्त्रियांवर ‘इन्फंट’ नावाची चाचणी झाली. तीत सर्वांनाच सतत देखरेख होती. निम्म्या जणींच्या पट्ट्या संगणकही वाचत होता. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संगणकाच्या मदतीने बाळांच्या प्रकृतीत काही फरक पडला नाही. निरोगी स्त्रीला दाखल करताना सरसकट हे यंत्र लावू नये, डॉपलर (हातात धरायचे छोटे अल्ट्रासाऊंड यंत्र) किंवा पिनार्डच्या नळीने (पोटावर टेकवून कानाने ऐकायची नळी) ठरावीक वेळाने ठोके ऐकावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस सांगते.

माझ्या मुलीला औषध चालू असल्याने सतत देखरेख योग्यच होती आणि दुसऱ्या प्रसंगातील सिस्टरांचे कौशल्य पाहता पट्ट्यांचे पैसे मला खटकत नाहीत. खटकते ती ‘संगणकच सांगतो’ ही जाहिरात. पट्टे व वायरींमुळे मुलीला खाटेवरून हलता येत नव्हते, हेही आधी कोणी बोलले नाही. नाव घालताना रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती खाटा असतात, हे आवर्जून विचारावे. मी ते विचारले नव्हते.

ठोक्यांची पट्टी उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर निघते आणि काळाने पुसट होते. मूळ पट्टी प्रसूतिगृहाच्या फाइलमध्ये राहते. मागितल्यावर सिस्टरांनी ती टेबलावर उलगडून दिली आणि मी मोबाइलवर तिचे फोटो काढून घेतले.