महाविद्यालयाची परिषद: सभागृहात, ऑनलाइन की दोन्हीकडे?

विभागाने राष्ट्रीय परिषद घ्यायची ठरवली की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "हायब्रिड करू, म्हणजे दोन्ही साधेल." पहिल्यांदा समन्वयक झालेल्यांनी या वाक्याला लगेच मान डोलावू नये. खर्च आणि माणसांची ओढाताण तर तिन्ही पर्यायांत वेगळी आहेच, पण मी आधी वेगळंच बघतो: शोधनिबंध वाचून झाल्यावर वाचणाऱ्याला एक तरी खरा प्रश्न विचारला जाईल का?

सभागृहातली परिषद महाग पडते. पाहुण्यांचा प्रवास, निवास, मानधन, दोन वेळचं जेवण. शिवाय दीपप्रज्वलन आणि सत्कार लांबले की कात्री लागते ती तांत्रिक सत्रांनाच. पंधरा मिनिटांच्या निबंधाला "पाच मिनिटांत आटपा" अशी चिठ्ठी येते. तरीही संशोधक विद्यार्थ्याला पुढचा मार्गदर्शक किंवा सहलेखक भेटतो तो चहाच्या टेबलाशी, आणि त्याची बरोबरी कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही. म्हणून पैसे असतील तर मी सभागृहच निवडेन, फक्त वाचनाचा साचा बदलून. निम्मे निबंध पोस्टरवर न्या. उरलेल्यांपैकी काहींना पेचाकुचा द्या: 20 स्लाइड्स, प्रत्येकी 20 सेकंद, एकूण 6 मिनिटं 40 सेकंद. हा प्रकार 2003 मध्ये टोकियोतल्या दोन वास्तुविशारदांनी सुरू केला. स्लाइड आपोआप पुढे सरकते, त्यामुळे "सन्माननीय व्यासपीठ आणि…" म्हणेपर्यंत पहिली गेलेलीही असते!

हॅरिसन ओवेन यांनी 1985 मध्ये मांडलेली 'ओपन स्पेस' पद्धतही हल्ली सुचवली जाते. विषयपत्रिका तिथल्या तिथे ठरते आणि जिथे आपल्याला काही मिळत नाही किंवा देता येत नाही तिथून खुशाल उठून जायचं. ग्रंथपाल, अभियंते, डॉक्टर अशा व्यावसायिकांच्या बैठकीत हे छान चालतं. महाविद्यालयात मात्र विभागप्रमुख बोलत असताना उठून जाणारा एम.ए.चा विद्यार्थी दाखवा.

ऑनलाइन स्वस्त, पण फुकट नव्हे. झूमची मोफत बैठक 40 मिनिटांत तुटते. गुगल मीटवर मोफत खात्याला तासभर मिळतो, पण रेकॉर्डिंग नाही. दोन्हीकडे मर्यादा 100 जणांची. तेव्हा महिन्याभरासाठी सशुल्क खातं घ्याच. त्यात वेबिनार की मीटिंग, हाही निर्णय आहे. वेबिनारमध्ये श्रोत्यांचे माइक बंद आणि प्रश्नांची वेगळी खिडकी, म्हणून बीजभाषणाला तो बरा. पण त्यात ब्रेकआउट रूम, म्हणजे छोट्या गटांसाठी वेगळ्या ऑनलाइन खोल्या, नसतात, म्हणून समांतर सत्रांसाठी मीटिंगच हवी.

दिवसभर एकामागून एक निबंध ऐकवण्यापेक्षा आधी व्हिडिओ, मग थेट प्रश्न हा क्रम फार उपयोगी. अदिस अबाबात व्हायची आयसीएलआर ही यंत्रशिक्षणाची परिषद 2020 मध्ये कोविडमुळे पूर्ण ऑनलाइन झाली तेव्हा भाषणं आधीच रेकॉर्ड करून ठेवली होती आणि लेखक ठरल्या वेळी फक्त प्रश्नांना उत्तरं द्यायला हजर राहत. आपल्याकडेही यूट्यूबवर अनलिस्टेड (फक्त दुवा असलेल्यांनाच दिसणारे) व्हिडिओ चढवून, दुवे आठवडाभर आधी पाठवून हे सहज जमेल. उलट "फीडबॅक फॉर्म भरा, ई-प्रमाणपत्र मिळवा" हा टाळेबंदीतला प्रकार तेवढा बंद करा. हजेरी वाढते, श्रोते वाढत नाहीत.

आता हायब्रिड. यात घोडं पेंड खातं ते आवाजाशी. सभागृहातला माइक अँप्लिफायरला जोडलेला असतो, लॅपटॉपचा माइक मात्र पंख्याची घरघर ऐकतो. शेवटच्या रांगेतून आलेला प्रश्न ऑनलाइन कुणालाच कळत नाही. ऑनलाइन निबंधवाचकाचा आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि प्रतिध्वनी सुरू होतो. उपाय आहे: सभागृहाच्या साउंड मिक्सरमधून थेट वायर लॅपटॉपला द्यायची, लॅपटॉपचा माइक बंद ठेवायचा आणि ऑनलाइन आवाज मिक्सरवरून परत लॅपटॉपकडे जाऊ द्यायचा नाही. साउंडवाल्याला हे आदल्या दिवशी करून दाखवायला सांगा. शिवाय प्रत्येक सत्राला दोन अध्यक्ष लागतात, एक सभागृहासाठी, दुसरा फक्त पडद्यासाठी. तो दुसरा माणूस नसेल तर हायब्रिड नको. त्यापेक्षा एक दिवस सभागृहात आणि एक दिवस पूर्ण ऑनलाइन असं सरळ वेगळं करा. परगावच्या निबंधवाचकांनाही ते जास्त मानाचं वाटतं.

निबंध मागवायला साठ-सत्तर गोषवाऱ्यांपर्यंत गुगल फॉर्म पुरतो. परीक्षकांपासून लेखकाचं नाव लपवायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं सीएमटी हे निबंध मागवण्या-तपासण्याचं संकेतस्थळ बघा. शैक्षणिक परिषदांना ते मोफत आहे, फक्त आधी अर्ज करावा लागतो. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेने बनवलेलं इंडिको हे परिषदांचं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आणि उत्तम, पण स्वतःचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस असेल तरच. कशातही मागवा, मराठी निबंध युनिकोडमध्येच हवेत हे परिपत्रकात ठळक लिहा, नाहीतर जुन्या फॉन्टमधल्या फाइली उघडल्यावर अक्षरांचा चिवडा होतो.

आणि महाविद्यालयाच्या यूट्यूब चॅनेलवरून पहिल्यांदाच थेट प्रक्षेपण करणार असाल, तर ती सोय सुरू व्हायला 24 तासांपर्यंत लागू शकतात. उद्घाटनाच्या सकाळी बटण शोधत बसू नका.