डीसी क्लॅम्प मीटर: सात महिन्यांच्या वापरानंतर

साडेतीन हजारांना हा मीटर घेतला तेव्हा भाऊ म्हणाला, घरात मल्टिमीटर असताना हा कशाला? पण ऑटोक्रॉसची (मोकळ्या मैदानात आखलेल्या ट्रॅकवरची कार शर्यत) आमची जुनी एस्टीम तीन दिवस उभी राहिली की सेल्फ उचलत नव्हती आणि त्यापायी दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या.

बॅटरी गाडीपासून तोडणारा कटऑफ स्विच बंद असतानाही बॅटरी उतरायची, हे कोडं सुटत नव्हतं. साध्या मल्टिमीटरने करंट मोजायचा तर बॅटरीची वायर सोडून तो मध्ये जोडावा लागतो, आणि कोणी चुकून सेल्फ मारला की मीटरचा फ्यूज गेलाच. क्लॅम्पचा जबडा नुसता केबलभोवती घालायचा. स्विचच्या पुढच्या सगळ्या केबल शून्य, अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) जाड केबलवर मात्र 0.34 अँपिअर! ती स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवर आलेली. दिवसाला आठ अँपिअर-अवर झिरपले तर 35 ची बॅटरी टिकणार किती? इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट पाहिले, तेही अर्ध्या व्होल्टच्या वर. म्हणजे अल्टरनेटरमधला, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोडच गेलेला. डायोड प्लेट बदलली आणि गळती थांबली.

पण चार्जिंग सुधारलं नाही. फॅन, पंप चालू केले की अल्टरनेटरवर 14.2 आणि बॅटरीवर 12.9. सगळ्यांनी प्लसची केबल बदलायला सांगितली. मी आधी अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस असं मोजलं, तर इथेच 1.1 व्होल्ट पडत होते. बॅटरी डिकीत हलवताना अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळला होता. रंग खरवडला, इंजिनपासून बॉडीला जाड पट्टी दिली, आता 0.2. ही मापं साध्या मीटरचीच, पण त्या वेळी करंट किती वाहतोय ते क्लॅम्पने कळलं, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. जबडा फिरवला की शून्य सरकतं, म्हणून मोजायच्या जागेवरच शून्य करून घ्यावं लागतं. 50 मिलिअँपिअरच्या खाली मी यावर विसंबत नाही, तिथे जुना मल्टिमीटरच. आणि पंधरा मिनिटांत आपोआप बंद होतो, नेमका आपण बोनेटखाली वाकलेलो असताना.

आता अल्टरनेटरची केबलही कटऑफमधून घ्यायची आहे. त्यासाठी जादा कॉन्टॅक्टचा स्विच आणि रेझिस्टर हवा, कारण चालू इंजिनात बॅटरी तुटली तर व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.