नवी पेठेतील रेडिओ दुरुस्ती: दिशा सांगणारा ट्रान्झिस्टर

वडिलांच्या जुन्या मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टरमधील फेराइट दांडीवरची, म्हणजे संचाच्या आतल्या अँटेनाची, तार तुटली होती. दोन दुकानांत ‘नवा घ्या’ हेच उत्तर मिळाले. नवी पेठेतील एका छोट्या दुरुस्तीच्या दुकानात मात्र कारागिरांनी भिंगाखाली केसाएवढ्या बारीक तारेचा एकेक पदर खरवडला, सोल्डर केला आणि सगळी कॉइल हाताने पुन्हा गुंडाळली. मजुरी साडेसहाशे रुपये झाली, आणि ती मला मुळीच जास्त वाटली नाही.

काम किती चोख झाले, याची परीक्षा मी आवाज मोठा करून घेतली नाही, तर तो नाहीसा करून घेतली. दुपारी गच्चीवर आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्‌झवर लावून संच सावकाश फिरवत गेलो, तेव्हा दांडीचे टोक पश्चिमेकडून थोडे उत्तरेला वळताच निवेदकाचा आवाज खरखरीत विरून गेला. नकाशावर पाहिले तर आमच्या गावापासून पुणे त्याच रेषेत होते. आवाज सर्वांत मोठा कोठे येतो हे कानाला नेमके सांगता येत नाही, पण तो कोठे बुडतो हे लगेच कळते. १९३०च्या दशकातील वैमानिक लूप अँटेना, म्हणजे तारेचे वेटोळे, फिरवून हीच बुडती जागा शोधत, मात्र केंद्र पुढे आहे की मागे, हे एकट्या लूपवरून ठरत नसे. २ जुलै १९३७ रोजी पॅसिफिकमधील हाउलँड बेटाच्या शोधात असलेल्या अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांनी बेटाजवळ थांबलेल्या इटास्का जहाजाला कळवले होते की ७५०० किलोहर्ट्‌झवरचा संकेत ऐकू येतो, पण ‘किमान’, म्हणजे हीच बुडती जागा, सापडत नाही. त्या वाक्यातली अगतिकता मला हा संच हातात धरल्यावर प्रथमच पुरती उमगली.

रात्री मात्र आवाज बुडण्याची ती जागा पसरट होते आणि सरकते. हा दुरुस्तीतला दोष नव्हे. आयनमंडलावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतणाऱ्या लहरी जमिनीलगतच्या लहरींत मिसळतात, आणि त्या काळच्या वैमानिकांनाही सूर्यास्तानंतर याच कारणाने दिशा चुकीची मिळत असे.

तक्रारी दोनच आहेत. आठवड्याचा वायदा तीन आठवड्यांवर गेला, आणि डायलचा दोरा सैल राहिल्यामुळे पुणे लागते तेव्हा काटा ८५०च्या जवळ असतो. दोरा पैसे न घेता बदलून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे, म्हणून सोमवारी संच पुन्हा घेऊन जाणार आहे. कॉइलला मात्र कोणी हात लावू नये, असे चिठ्ठीवर लिहून देईन.