पाचशे डिरेक्टऱ्या, ४७,८०० रुपये आणि मी

आधीच सांगतो, मी काही कालचा पोरगा नाही. बावीस वर्षं मागाचे स्पेअर पार्ट विकतोय, धोटे, पिकर, बॉबिन, इचलकरंजी, विटा, मालेगाव, भिवंडी सगळीकडे माल जातो, उधारी बुडवणारा गिऱ्हाईक मी दारातच ओळखतो. आणि तोच मी ४७,८०० रुपयांना बुडालो. बायकोला अजून फक्त ११,८०० सांगितलेत.

भाच्याने वेबसाईट बनवून दिलेली, चार महिन्यांत एक फोन नाही. तेवढ्यात एका बाईचा कॉल, "सर तुमची साईट गुगलवर दिसतच नाहीये". पुढचं तुम्हाला माहितीच आहे, फ्री ऑडिट, लाल लाल ग्राफांची पीडीएफ, मग पॅकेज. पाचशे वेब डिरेक्टऱ्यांत, म्हणजे वेबसाईटांच्या विषयवार याद्यांत, साईट टाकणार, १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, ११,८००. जीएसटी लावतात म्हणजे कंपनी खरी असणार असं मला वाटलं, हसा खुशाल. महिन्याभरात "हाय डीए प्रीमियम" (डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साईटचं वजन सांगणारा आकडा), पंचवीस निवडक डिरेक्टऱ्या, २९,५००. आणि शेवटी डीमॉझची एडिटर फी ६,५००, ती तर बिलाशिवाय, कुणाच्या तरी पर्सनल नंबरवर यूपीआय.

डीमॉझ ही डिरेक्टरी खरंच होती बरं का, आणि चांगली होती. माणसं हौसेने एडिटर व्हायची, एकेक साईट उघडून बघायची, नाही आवडली तर घ्यायची नाहीत, आणि पैसा एक लागायचा नाही. ती मार्च २०१७ मध्ये बंद झाली. म्हणजे कुलूप लागलेल्या दुकानात माल ठेवायचं भाडं मी भरलं! आता कुणी म्हणेल पैसे मागितले तेव्हाच कळायला हवं होतं, पण याहूची डिरेक्टरी २०१४ ला बंद होईपर्यंत धंदेवाल्यांकडून वर्षाला २९९ डॉलर घ्यायची, उघडपणे. त्या बाईने याहूचंच उदाहरण मला दिलं होतं. अर्धं खरं सांगणारा माणूस लवकर पकडला जात नाही हो.

पण खरी चीड येते ती एक्सेलच्या फाईलची. पहिल्या पॅकेजचा रिपोर्ट आला, पाचशे ओळी, सगळ्यांपुढे हिरव्या रंगात "अप्रूव्ह्ड". रविवार होता, सहज अडतिसावी लिंक उघडली. माझं दुकान "पेट्स अँड ॲनिमल्स" मध्ये! का, तर मागाचा पिकर पूर्वीपासून म्हशीच्या कातड्याचा असतो, साईटवर "बफेलो पिकर" लिहिलंय, ते बघून कुठल्या तरी सॉफ्टवेअरने मला गोठ्यात नेऊन बांधलं. वर पॅकर्स अँड मूव्हर्स, खाली वशीकरणवाले बाबा. पुढच्या दोन लिंक उघडल्या, तेच पान, फक्त रंग वेगळा, तळाला तोच ईमेल. हे मी बघितलं. स्वतःच्या डोळ्यांनी. भाच्याला दाखवून हसलो आणि फाईल बंद केली! बाईला विचारलं तर म्हणाली, "सर ते बेसिक आहे ना, म्हणून तर प्रीमियम घ्या", आणि मला ते पटलं, मंगळवारी २९,५०० पाठवले.

पोरीने नंतर बिल बघितलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, त्यावर चौदाच. सुरुवात ०९ ने, तो उत्तर प्रदेशचा कोड, आणि ऑफिस म्हणे पुण्यात. महाराष्ट्राचा २७ असतो हे मी रोज माझ्या बिलावर छापतो. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघायला एक मिनिट लागतं आणि ते फुकट असतं.

आणि ती बाई डीए डीए करत होती ना, तो आकडा एका खाजगी कंपनीचा आहे, गुगल तो वापरत नाही. उलट फालतू डिरेक्टऱ्यांतल्या लिंका गुगल स्पॅममध्ये धरतं, नियमातच लिहिलंय, असल्या लिंकांना दणका देणारं त्यांचं पेंग्विन अपडेट तर एप्रिल २०१२ चं. मला सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साईटमालकांसाठीच्या गुगलच्या पानावर, अनैसर्गिक लिंकांची नोटीस आली. लिंक काढा म्हणून मेल केले तर एका डिरेक्टरीने काढायचे पाचशे मागितले. लावायचे पैसे वेगळे, काढायचे वेगळे.

पोलीस स्टेशनला गेलो. साहेब म्हणाले, काम केलंय ना त्यांनी, यादी दिलीये ना, मग फसवणूक कुठली, हे सिव्हिल आहे. मी म्हटलं बंद पडलेल्या डिरेक्टरीचे पैसे घेतलेत, तर म्हणे डिरेक्टरी म्हणजे टेलिफोनची का? अर्धा तास वेबसाईट म्हणजे काय ते समजावण्यात गेला, मग सायबरवाले दुसरीकडे बसतात म्हणून तिकडे पाठवलं, तिथे म्हणाले आधी बँकेचं पत्र आणा, बँकेत म्हणाले तुम्हीच पिन टाकलाय, पत्र कसलं, पोलिसांचं पत्र आणा. तीन चकरा, तीन दिवस दुकान बंद, आणि शेवटी एका हवालदाराने मलाच विचारलं की इतके शिकलेले दिसता, फसलात कसे. काय बोलणार?

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करा, मी सव्वा महिन्याने जागा झालो. कुणी डिरेक्टरीचं नाव सांगितलं की गुगलमध्ये इंग्रजीत site, कोलन आणि तिचा पत्ता टाका, पानंच दिसली नाहीत तर विषय संपला. यादीतल्या दोन दुकानांना फोन लावून विचारा, गिऱ्हाईक आलं का कधी. कुणालाच नाकारत नाही ती डिरेक्टरी नव्हे, उकिरडा. गुगलवरचं बिझनेस प्रोफाईल फुकट असतं, ते सोडून मी हे उद्योग केले. आपल्या धंद्याच्या असोसिएशनची यादी असेल तर तिथे आधी जा, मला तिथून दोन गिऱ्हाईकं मिळाली, वर्गणीत. आणि मोबाईल नंबर तर कुठेच देऊ नका, माझा पाचशे ठिकाणी पडलाय, दिवसभर लोनवाले.

खरी एन्क्वायरी मात्र एक आली. परवा लातूरहून एक गृहस्थ, अगदी सभ्य माणूस, मुऱ्हा आहे का म्हणाले, आणि दूध किती देते.