इंजिन बसलेली गाडी: भंगारात घालावी, काम काढावं, की आहे तशी विकावी?

गेल्या उन्हाळ्यात मानवतहून परभणीला येताना आमच्या 2012 च्या पेट्रोल गाडीचा काटा लालवर गेला आणि गाडी बंद पडली. टोचन लावून गॅरेजला आणली. मिस्त्रीनं ऑईलचं झाकण उघडून माझ्या हातात दिलं. आतल्या बाजूला चहावरच्या सायीसारखा पिवळट, चिकट थर. "पाणी ऑईलमधी गेलंय. हेड उतरवल्याबिगर काही सांगता यायचं नाही." हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनचा वरचा भाग. संध्याकाळपर्यंत भंगारवाल्यानं 15 हजार सांगितले आणि शेजारच्या काकांनी "अजून लाखाची गाडी आहे, घाई करू नको" म्हणून बजावलं.

या दोन आकड्यांच्या मध्ये आपली गाडी नेमकी कुठे बसते, ते घरबसल्या बरंचसं काढता येतं.

आधी तळ, म्हणजे वजनाचा भाव. आरसी कार्डावर 'अनलेडन वेट', म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, छापलेलं असतं. ते 800 किलो असेल तर त्यातलं लोखंड ढोबळमानानं दोन तृतीयांश धरा. बाकी काच, रबर, प्लास्टिक, फोम. आपल्याकडचं पुष्कळ लोखंडी भंगार शेवटी जालन्याच्या भट्ट्यांत वितळून सळई होतं, तेव्हा त्या दिवसाचा भाव जालन्याच्या ओळखीच्या माणसाला विचारलेला बरा. किलोला 28 रुपये धरले तर लोखंडाचे साधारण 15 हजार होतात. आमच्या भंगारवाल्यानं एवढेच सांगितले होते. त्यानं जे मोजलं नव्हतं ते असं: चालू बॅटरी, बरे टायर, एसीचा कॉम्प्रेसर, अ‍ॅल्युमिनियमचे भाग आणि सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. गाडी वजनावर देणार असाल तर या वस्तूंचा भाव वेगळा लावून घ्या.

मग वरचं टोक. त्याच मॉडेलची, त्याच सालाची चालू गाडी आपल्या जिल्ह्यात कितीला गेली, ते विचारायचं. जाहिरातीतला आकडा धरायचा नाही, व्यवहार ज्यावर मिटला तो धरायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या, तेव्हा त्याआधीचे जुन्या गाड्यांचे भाव डोक्यातून काढून टाका. विम्याच्या कागदावरची आयडीव्हीही (विमा कंपनीनं धरलेली गाडीची किंमत) इथे उपयोगाची नाही. ती चालू गाडी धरून लावलेली असते, आणि झिजून किंवा तापून इंजिन गेलं तर साधा विमा पैसे देत नाही.

चालू गाडीच्या भावातून कामाचा खर्च वजा केला की वरचं टोक मिळतं. पण खर्च कळल्याशिवाय वजा काय करणार? खराबी कळेपर्यंत घेणारा माणूस सगळ्यात वाईट तेच धरून चालतो आणि भाव वजनावर आणून ठेवतो. म्हणून माझं ठाम मत आहे की कुणालाही गाडी दाखवण्याआधी इंजिन तपासून घ्यावं. पाना लावून क्रँकची (पिस्टनना जोडलेल्या मुख्य दांड्याची) पुली हातानं फिरते का, हे आधी बघायचं. फिरत असेल तर बरीच आशा आहे. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं. शेजारशेजारच्या दोनच सिलिंडरमध्ये ते पडलं असेल तर बहुतेकदा त्यांच्यामधलं हेड गॅस्केट (हेडखालचं सील) फुटलेलं असतं. सगळीकडेच कमी असेल तर पिस्टनच्या रिंगा, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. टायमिंग बेल्ट तुटून बंद पडली असेल तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात, म्हणजे हेड उतरवावंच लागतं. आणि 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव, बीडकडे पुरात उभ्या होत्या तशी गाडी असेल तर कुणी कितीही म्हणो, स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि थोडक्यातलं काम मोठं होतं.

आम्ही हेड उतरवायचे साडेतीन हजार दिले. हेड वाकलेलं निघालं, बोअर मात्र शाबूत. रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजल्या होत्या. वर्षानुवर्षं बोरचं पाणी ओतल्याचा तो परिणाम, चूक आमचीच. लेथवर हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं), गॅस्केट, रेडिएटर, मजुरी धरून 26 हजार सांगितले. चालू गाडीचा भाव एक लाख वीस हजार. खराबी कळल्यावर सेलूच्या एका मिस्त्रीनं आहे तशी गाडी 65 हजारांना मागितली. त्याला परवडत होतं, कारण मजुरी त्याच्या घरचीच. आम्हाला गाडी वापरायची होती, म्हणून आम्ही काम काढलं. दुसरी गाडी घ्यायचीच ठरली असती तर मी 65 हजारांना हो म्हटलं असतं.

बोअर गेला असता तर हिशेब वेगळा. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन, रिंगा, बेअरिंग घालायचं काम आमच्या गाडीला 55 हजारांवर जात होतं. जुनं इंजिन आणून बसवणं त्यापेक्षा स्वस्त पडतं, पण त्या इंजिनाच्या पोटात काय आहे ते कुणी सांगू शकत नाही, आणि त्याचा नंबर तुमच्या आरसीवर नसतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे तो बदल आरटीओत नोंदवावा लागतो. इंजिन कोणत्या गाडीचं, याचा कागद विकणारा देत नसेल तर त्याला हात लावू नका. पंधरा वर्षं भरत आली असतील तर नोंदणी नूतनीकरणाचे 5,000 रुपये, वर पर्यावरण कर, हेही वजा करा. एवढं वजा करून हातात तळाच्या दुप्पटही उरत नसेल तर मी काम काढणार नाही.

भंगारातच द्यायची तर गल्लीतल्या गोदामापेक्षा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्र बरं. दोन-तीन हजार कमी मिळाले तरी तिथे 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट', म्हणजे गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला, मिळतं. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि केंद्राच्या नियमात खाजगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. नवी गाडी घेणाऱ्याला हा फरक भंगाराच्या भावापेक्षा मोठा पडू शकतो. गोदामात दिली तर गाडी कापली तरी नोंद तुमच्याच नावावर राहते. कायमची निकामी झालेली गाडी 14 दिवसांत आरटीओला कळवायची, असं कलम 55 सांगतं.

मिस्त्रीला विकतानाही हेच. तो दुरुस्त करून तिसऱ्याला देणार, आणि मधल्या काळात अपघात झाला तर? 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलं की नोंदणीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारीही त्याची. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्याच दिवशी सह्या घ्या, घेणाऱ्याच्या आधारची प्रत ठेवा, आणि परिवहनच्या साइटवर नाव बदललेलं दिसेपर्यंत पाच-दहा हजार रुपये अडवून धरता आले तर धरा.