डीमार्टमधला महिन्याचा किराणा किती स्वस्त पडतो?

महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी डीमार्टमध्ये किराणा भरायला जाणे हा मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांतील मध्यमवर्गीय घरांचा आता जवळजवळ कुळाचार झाला आहे, आणि तो बहुधा सर्वांत चुकीच्या वेळी पाळला जातो. गर्दीविषयी कुरकुर करत माणसे पुढच्या महिन्यात पुन्हा तेथेच दिसतात, त्याअर्थी तेथे काहीतरी हाती लागत असणार. ते नेमके किती लागते, हे बिलावरून समजतेच असे मात्र नाही.

आधी स्वस्ताईचे कारण पाहू. राधाकिशन दमाणी यांनी २००२ साली पवईत पहिले डीमार्ट उघडले. त्यापूर्वी त्यांनी नेरुळमध्ये ‘अपना बाजार’ची शाखा चालवायला घेतली होती, म्हणजे नायगावात १९४८ साली सुरू झालेल्या सहकारी भांडाराशी या साखळीचे दूरचे का होईना, नाते आहे. पुढे बेतलेली पद्धत मात्र पक्क्या व्यापाऱ्याची होती. शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची किंवा दीर्घ मुदतीच्या कराराची घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून भाव पाडून घ्यायचा, सजावटीवर खर्च करायचा नाही आणि भराभर खपेल तेवढाच माल ठेवायचा, अशी ती आहे. त्यामुळे एखाद्या वस्तूचे दहा प्रकार तेथे शोधू नयेत. ज्याला ठरावीक कंपनीचाच लोणच्याचा मसाला लागतो, त्याने यादीतील ती ओळ वाण्यासाठी राखून ठेवलेली बरी.

साबण, धुण्याची पावडर, टूथपेस्ट, चहा, बिस्किटे अशा पाकिटबंद मालावर मिळणारी सूट खरी असते आणि त्यासाठी कुठलेही सभासदकार्ड वा कूपन लागत नाही. परंतु बिलाच्या तळाशी बचतीचा जो आकडा छापलेला असतो, तो छापील कमाल किमतीच्या तुलनेत काढलेला असतो. खाद्यतेलासारख्या वस्तूंची छापील किंमत मुळातच चढी असते आणि कोपऱ्यावरचा दुकानदारही ते तेल त्या किमतीला विकत नाही. तेव्हा खरी तुलना करायची ती आपल्या नेहमीच्या वाण्याच्या भावाशी. महिन्याचा किराणा पाच हजारांचा आणि वाण्याच्या तुलनेत सात-आठ टक्के फरक धरला, तर हाती साडेतीनशे ते चारशे रुपये उरतात. त्यातून जाण्यायेण्याची रिक्षा वजा केली की उरते ती रक्कम नगण्य नसली तरी बिलावरच्या आकड्याइतकी भारदस्तही राहत नाही. मोठे पाकीट स्वस्तच असेल, हा समजही तपासून घ्यावा. पाकिटावर आता प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दर छापावा लागतो, तो वाचायला दोन सेकंद पुरतात.

उरलेले पैसे बहुतेकदा दुकानाच्या दुसऱ्या भागात खर्च होतात. या साखळीच्या विक्रीत निम्म्याहून अधिक वाटा खाद्यपदार्थांचा असला, तरी कपडे, भांडी, प्लास्टिकचे डबे, चादरी यांचा वाटाही एक चतुर्थांशाच्या आसपास आहे, आणि नफ्याचे प्रमाण या मालावर जास्त असते. तूरडाळ घ्यायला गेलेला माणूस डाळीबरोबर ती ठेवायचा डबाही घेऊन येतो, आणि डब्याला दुकानाचा दोष म्हणावे की घेणाऱ्याचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. याउलट मुंबई ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संस्थेने १९७५ पासून चालवलेल्या किराण्याच्या मासिक वाटपात मागणीपत्रक आधी भरून द्यावे लागते. तेथे डब्याला शिरकावच नसतो.

धान्याच्या बाबतीत माझे मत वाण्याच्या बाजूचे आहे. डीमार्टमधील डाळी आणि कडधान्ये निवडलेली व स्वच्छ असतात, पण पाकिटातल्या तांदळाचे चार दाणे दाताखाली धरून पाहता येत नाहीत, आणि ‘हा नवा तांदूळ आहे, पाणी बेताने घाला’ असे सांगणारेही कोणी नसते. वाणी दहा रुपयांचे जिरे देतो, फोनवर सामान घरपोच धाडतो आणि महिनाअखेरीस वहीत मांडून ठेवतो. ज्या घराचा पगार अनियमित आहे, तेथे या वहीचे मोल सात-आठ टक्क्यांहून नक्कीच जास्त आहे. डीमार्टची घरपोच सेवा ‘डीमार्ट रेडी’ या नावाने वेगळी आहे आणि ती सर्व शहरांत नाही.

राहता राहिला वेळ. प्रवेशाशी पिशवीला लागणारे सील, ट्रॉलीसाठी थांबणे, अरुंद वाटांमधून ती रेटणे, बिलाची रांग आणि बाहेर पडताना बिलाची तपासणी, या सगळ्यात शनिवार-रविवारी दीड-दोन तास सहज जातात. दुकान नोकरमाणसांवरचा खर्च आवरते, तेव्हा माल शोधण्याचे, उचलण्याचे आणि वाहून नेण्याचे काम ग्राहकाच्याच अंगावर येते. गुडघे दुखणाऱ्या आजीआजोबांना ही देवाणघेवाण परवडत नाही. तरुण आणि मोठ्या कुटुंबाला ती बहुतेक वेळा परवडते.

ज्यांना कामाच्या दिवशी सकाळी जाता येते, त्यांनी दर महिन्याला न जाता दोन महिन्यांतून एकदा जावे, साबण, पावडर, चहा असा टिकाऊ माल एकदम भरावा आणि कापडी पिशव्या घरूनच न्याव्यात. भाजी मंडईतून आणावी. तांदूळ, गूळ आणि शेंगदाणे मी अजूनही वाण्याकडूनच आणतो.