बायोगॅसच्या स्लरीचा टँकर : एका खरिपाचा अनुभव

दारव्हा तालुक्यातील कपाशीच्या वावरासाठी गेल्या खरिपात मी जवळच्या एका बायोगॅस प्रकल्पातून पाच हजार लिटर स्लरीचा, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरणाऱ्या पातळ शेणकाल्याचा, टँकर मागवला. यंदाही मागवणार आहे. मात्र विक्रेत्याने सांगितलेल्या कारणासाठी नव्हे.

माहितीपत्रकावर ‘कोट्यवधी जिवंत जिवाणू’ असे ठळक छापले आहे. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव हवेविना जगणारे असतात. भुसभुशीत, हवा खेळणाऱ्या मातीत त्यांचा निभाव लागत नाही. स्लरीचे मोल निराळे आहे. शेण टाकीत कुजताना कर्बाचा बराच भाग वायूरूपाने निघून जातो, नत्र मात्र बहुतांशी मागे राहते आणि त्यातील मोठा हिस्सा अमोनियम होतो, ज्याचे नायट्रेट करण्याचे काम जमिनीत आधीपासून असलेले जिवाणूच करतात.

पहिला अनुभव वाईट होता. टँकरसोबतच्या माणसाने ‘आजच सोडून द्या’ म्हटले, म्हणून भर दुपारी ओल्या सऱ्यांत ताजी स्लरी सोडली. डोळे चुरचुरतील असा उग्र दर्प सुटला. आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनी विम्लधर्मी असल्याने अमोनिया अधिक उडतो, म्हणजे विकत घेतलेले नत्र वाऱ्यावर गेले. अर्ध्या तासात गांडुळे वर आली आणि काही सरीतच मेली. तक्रारीवर ‘सुरुवातीला असे होतेच’ एवढेच उत्तर मिळाले. ही सूचना पावतीमागे छापायला कितीसा खर्च आला असता?

अर्धा टँकर मी तिथेच थांबवला. ताडपत्री अंथरलेल्या खड्ड्यात सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, भुगा घालून त्यावर उरलेली स्लरी ओतली आणि दर पाच-सहा दिवसांनी खालीवर करत तीन आठवडे मुरू दिली. सहज पचणारा कर्ब टाकीतच संपलेला असतो, त्यामुळे नुसत्या स्लरीत मातीतील बुरशींना खाद्य कमी पडते. ती उणीव कुटार भरून काढते. हे मिश्रण संध्याकाळी ओळींलगत टाकून ते मातीआड करायला लगेच डवरा (बैलांचे कोळपे) फिरवला.

मातीतले जीव सुती कापड खातात, म्हणून ते कुठे जास्त काम करतात हे पाहायला त्याच दिवशी वडिलांच्या जुन्या सुती धोतराचे दोन पट्टे वीतभर खोल पुरले, एक या मिश्रणाच्या पट्ट्यात आणि दुसरा नुसत्या युरिया-डीएपीच्या पट्ट्यात. चाळीस दिवसांनी दुसरा पट्टा मळका पण अखंड निघाला. पहिला उचलताच जाळीसारखा फाटला आणि हाती तेवढी किनार राहिली. एका वावरातील दोन चिंध्यांना प्रयोग म्हणता येणार नाही, पण मला तेवढे पुरले.

टँकर वेळेवर आला, भाव मात्र चढा वाटला. केंद्र सरकारने २०२३ मध्ये अशा प्रकल्पांच्या सेंद्रिय खतासाठी प्रतिटन १५०० रुपये विपणन साहाय्य मंजूर केले. माझ्या पावतीत त्याची सावलीही दिसली नाही. नळी इतकी आखूड होती, की वावराऐवजी निम्मा धुराच (बांधच) भिजला. यंदा मी दोनच गोष्टी मागितल्या आहेत : स्लरी टाकीबाहेर काढल्याची तारीख आणि लांब नळी. नळीला होकार आला आहे.